‘सून जेवायला देत नाही’

मालिकांमध्ये माणसाची स्मृती डोक्याला मार लागून जाते आणि कथानकाला गरज पडली की एखाद्या धक्क्यासरशी परत येते. अल्झायमरमध्ये असं काहीच घडत नाही. मेंदूच्या पेशी वर्षानुवर्षं निकामी होत जातात. सकाळचं आठवत नाही, पण पन्नास वर्षांपूर्वीचं लख्ख आठवतं. त्यामुळे घरच्यांना बराच काळ आजाराची शंकाच येत नाही. 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, लक्षणांच्या याद्या दरवर्षी छापून येतात. मालिकांनी रुजवलेल्या समजुतींबद्दल मात्र कुणी बोलत नाही.

त्यातली सर्वांत घातक समजूत आजाराबद्दलची नाही, सुनेबद्दलची आहे. स्मृतिभ्रंश झालेली सासू जेवून हात धुते आणि घटकाभराने शेजारी जाऊन सांगते, ‘सून जेवायला देत नाही.’ स्वतःच ट्रंकेत ठेवलेले पैसे सापडले नाहीत की चोरीचा आळ घेते. ही दोन्ही आजाराची नेहमीची लक्षणं आहेत. पण उपाशी ठेवणारी, दागिने लांबवणारी सून रोज रात्री पडद्यावर दिसत असते. शेजारणीच्या मनात निकाल आधीच तयार असतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या शाहूवाडीसारख्या तालुक्यात हे फार जड जातं. घाटमाथ्यावरच्या वाड्या विखुरलेल्या, अनेक घरांतली कर्ती माणसं मुंबईला. रात्री कडी काढून बाहेर पडलेल्या म्हाताऱ्याला धुवाधार पावसात शोधायला एकटी सून निघते. देशात साठीपुढच्या 7.4 टक्के, म्हणजे सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. शहरांपेक्षा खेड्यांत प्रमाण जास्त.

रुग्णाला सांभाळण्याच्या या प्रश्नाकडे मराठीत सर्वांत प्रामाणिकपणे पाहिलं ते सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या चित्रपटाने. त्यातले संस्कृत पंडित चक्रपाणि शास्त्री रस्त्यात दिसलेल्या हत्तीच्या मागे चालत जातात. माहुताची कानडी बोलणारी बायको चन्नम्मा त्यांना लेकरासारखं सांभाळते. अमृता सुभाष यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शास्त्रींची भूमिका करणारे डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. म्हणूनच त्यांच्या अभिनयात रडारड नाही. भांबावलेपण आणि मधूनच उमटणारा निरागस आनंद आहे. शास्त्रींच्या लेकीचं थकणं, चिडणं आणि त्याची बोच हेही चित्रपट लपवत नाही. सांभाळणारं माणूस चिडतं आणि तरीही वाईट नसतं, एवढी साधी गोष्ट मालिकांना अजून दाखवता आलेली नाही.

खरं तर ते मालिकांनाच जास्त चांगलं जमावं. आजार वर्षानुवर्षं चालतो, मालिकाही चालते. ब्रिटनच्या ‘एमरडेल’ने डिसेंबर 2016 मध्ये एक अख्खा भाग रुग्णाच्या नजरेतून दाखवला: ओळखीच्या पात्रांच्या जागी अनोळखी कलाकार उभे केले, म्हणजे प्रेक्षकही त्याच्यासारखाच गोंधळावा.

मराठी मालिकेत निदान दवाखान्याचा एक प्रसंग तरी नीट यावा. बी-12ची कमतरता, थायरॉइडचे विकार, नैराश्य यांनीही विसर पडतो आणि तो उपचारांनी बराच सुधारू शकतो. त्यामुळे ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्याआधी किंवा देवऋषाकडे जाण्याआधी रक्ततपासणी करून घ्यावी. थकलेल्या सुनेला स्वतःसाठीही ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.