तोडीची वाट अन् जिवाला घोर



आडसाली उसाला तुरा आला, तोडीचा पत्ता नाही, वर सोसायटीचं कर्ज. मग रात्री डोळ्याला डोळा लागत नाही. गटागटांतून फिरताना आम्ही हे नेहमी पाहतो. लागण नोंदीची तारीख वहीत ठेवा, गट ऑफिसात आपला क्रम विचारा; निम्मा घोर तिथेच उतरतो. उरलेला घरात बोला. रात्रीचा चहा-तंबाखू टाळा, ठरल्या वेळी झोपा. दारूने झोप लागते, पण ती मोडकी. दोन आठवडे झोप-जेवण बिघडलं तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नकोसं वाटलं तर त्याच दिवशी सरकारच्या 'टेलि-मानस'ला १४४१६ वर फोन करा. २०२२ पासूनची ही सेवा मोफत, रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलतात. तोड आज ना उद्या येईलच. आधी जीव सांभाळा.

– ऊस विकास अधिकारी