शेण, पाणी आणि वायू : गोबरगॅस संयंत्राची मापे

सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्याच्या दारी बैल, गाय किंवा म्हैस नाही असे घर पूर्वी विरळाच आढळे. आज कृष्णा, कोयना व वारणेच्या खोऱ्यांत दुग्धव्यवसायही चांगलाच वाढला आहे. परंतु गोठ्यातील शेणापुढे दोनच वाटा असतात. त्याच्या शेणी थापल्या तर चूल पेटते, पण शेताचे खत जळून जाते. ते उकिरड्यात टाकले तर खत मिळते, पण चुलीसाठी सरपण शोधावे लागते. गोबरगॅस संयंत्र ही दोन्ही कामे एकाच शेणाकडून करून घेते. असे असूनही काही गावांतून बंद पडलेली संयंत्रे दिसतात. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा बांधकामाचा दोष नसून मापांचा दोष असतो. म्हणून ही मापे कशी ठरतात, हे ग्रामसेवकांनी व शेतकऱ्यांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

संयंत्राच्या पोटात काय घडते?

संयंत्राची पाचक विहीर म्हणजे केवळ शेण साठविण्याचा खड्डा नव्हे. तीत घन, द्रव आणि वायू हे तिन्ही पदार्थ एकाच वेळी एकत्र नांदतात. शेणातील चोथा व माती हा घन भाग. ज्यात सूक्ष्म जंतू वाढतात ते पाणी हा द्रव भाग. आणि जंतूंच्या कार्यातून निघणारे बुडबुडे हा वायू. रासायनिक कारखान्यांतील मोठमोठ्या क्रियापात्रांची रचना करताना अभियंत्यांपुढे जो प्रश्न असतो, तोच येथेही आहे : तिन्ही पदार्थ पुरेसा वेळ एकमेकांच्या संपर्कात राहावेत आणि काम झाल्यावर सुखरूप वेगळे व्हावेत.

हवा नसलेल्या या विहिरीत जंतूंचे प्रमुख दोन समूह काम करतात. पहिला समूह चोथ्याचे विघटन करून आम्ले तयार करतो. दुसरा समूह त्यापासून मिथेन वायू बनवितो. हा दुसरा समूह सावकाश वाढणारा व नाजूक असतो. आम्ल फार झाले, थंडी पडली किंवा फिनेल, साबण व कीटकनाशके आत गेली, तर तोच प्रथम मंदावतो. तयार होणाऱ्या वायूत सुमारे ५५ ते ६० टक्के मिथेन असतो व उरलेला बहुतेक भाग कार्बन डायऑक्साइडचा असतो.

शेणकाल्याचे प्रमाण

ताज्या शेणात साधारणपणे एक पंचमांश भाग कोरडा पदार्थ असतो. त्यात समभाग पाणी मिसळले म्हणजे शेणकाल्यात हे प्रमाण ८ ते १० टक्क्यांवर येते व तेच योग्य होय. पाणी अधिक झाल्यास माती तळाशी बसते, चोथा वर तरंगतो आणि त्याची जाड साय धरून वायूची वाट अडते. पाणी कमी पडल्यास काला घट्ट होतो, बुडबुडे सुटत नाहीत व आत जाणारी नळी तुंबते. माण, खटाव, जत व आटपाडी या अवर्षणप्रवण भागांत पाण्याची काटकसर करावीच लागते; तेथे गोठा धुतलेले पाणी वापरता येते, मात्र त्यात फिनेल नसावे. काडीकचरा व खडे वेचून काढल्याशिवाय शेण आत सोडू नये.

मापाचा हिशेब

एक किलो ताज्या शेणापासून सुमारे ४० लिटर वायू मिळतो. म्हणजे एक घनमीटर वायूसाठी २५ किलो शेण लागते. स्वयंपाकासाठी माणशी दररोज सुमारे पाव घनमीटर वायू धरावा. सहा माणसांच्या कुटुंबास दीड घनमीटर वायू, म्हणजेच सुमारे ३८ किलो शेण रोज हवे. गोठ्यात बांधलेली म्हैस दिवसाला सुमारे १५ किलो व गाय सुमारे १० किलो शेण देते असे मानतात. दिवसभर चरावयास जाणाऱ्या जनावराचे बरेच शेण मात्र रानातच पडते. तेव्हा जनावरे मोजून थांबू नये. आठवडाभर प्रत्यक्ष शेण वजन करून पाहावे.

आता विहिरीचे माप. दोन घनमीटर वायूच्या संयंत्रात रोज ५० किलो शेण व ५० लिटर पाणी, म्हणजे सुमारे १०० लिटर शेणकाला पडतो. तो ४० दिवस आत राहावयाचा असेल, तर विहिरीत ४,००० लिटर, म्हणजे चार घनमीटर काला मावला पाहिजे. या मुक्कामालाच धारणकाल म्हणतात. हवामानाप्रमाणे आपल्या देशात ३०, ४० किंवा ५५ दिवसांचा धारणकाल धरतात. जंतूंना सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता मानवते. २० अंशांखाली वायू बराच घटतो. यास्तव कराड वा मिरजेच्या सपाटीवर पुरणारे माप महाबळेश्वर वा जावळीच्या डोंगराळ गावी हिवाळ्यात अपुरे ठरू शकते.

हाच हिशेब चुकला म्हणजे संयंत्र बिघडते. वरील विहिरीत ५० ऐवजी १०० किलो शेण, त्याच प्रमाणात पाणी मिसळून, रोज घातले तर काला २० दिवसांतच बाहेर पडतो; शेण अर्धकच्चे राहते आणि सावकाश वाढणारे जंतूही त्याबरोबर वाहून जातात. उलट २५ किलोच घातले, तर वायू निम्म्यावर येतो व घरातील गृहिणी पुन्हा धुराच्या चुलीकडे वळते. मोठ्या संयंत्राच्या हौसेपेक्षा शेणाच्या मापाचे लहान संयंत्र अधिक हिताचे.

दोन प्रकारची रचना

वायूचा उपयोग आपल्याकडे नवा नाही. मुंबईत माटुंगा येथील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत १८९७ साली मैल्यापासून वायू मिळविण्यात आला होता. शेणापासून वायू मिळविण्याचे प्रयोग १९३९ च्या सुमारास दिल्लीच्या कृषी संशोधन संस्थेत झाले. पुढे जशभाई पटेल यांनी तरंगत्या टोपीचे संयंत्र सिद्ध केले व १९६० च्या दशकात खादी आणि ग्रामोद्योग आयोगाने त्याचा प्रसार केला. यातील लोखंडी टोपी वायू साठताच वर उचलली जाते. त्यामुळे वायूचा दाब सारखा राहतो. टोपी रोज थोडी फिरविल्याने वरची साय मोडते. दरवर्षी टोपीला रंग देणे मात्र आवश्यक आहे, नाहीतर ती गंजते.

दुसरा प्रकार स्थिर घुमटाचा. १९८४ साली पुढे आलेले दीनबंधू संयंत्र याच प्रकारचे आहे. यात लोखंडी टोपी नसल्याने खर्च कमी येतो. वायू साठला की तो काल्याला बाहेरच्या टाकीत ढकलतो व वायू वापरला की काला परत येतो. या ये-जा करण्यानेच काला ढवळला जातो. परंतु घुमटास बारीक चीर गेली तरी वायू निसटतो. काळी जमीन पावसात फुगते व उन्हात आकसते. म्हणून अशा जागी बांधकामाभोवती मुरूम वा वाळू भरून घ्यावी. कृष्णाकाठी २००५, २०१९ व २०२१ साली आलेल्या महापुरांच्या रेषेच्या वरच जागा निवडावी.

हेच तत्त्व ऊस पट्ट्यातील मद्यार्काच्या कारखान्यांनाही उपयोगी पडते. तेथील सांडपाण्यापासून वायू काढण्याच्या पात्रांपैकी एका प्रकारात पाणी खालून वर चढते, जंतूंचा गाळ मध्ये तरंगत राहतो आणि वरची विशिष्ट टोपी गाळ, पाणी व वायू यांना निरनिराळे करते. ही रचना १९७० च्या दशकात हॉलंडमध्ये विकसित झाली.

खत आणि सावधगिरी

बाहेर पडणाऱ्या स्लरीत शेणातील नत्र टिकून राहतो, परंतु त्याचा काही भाग अमोनियाच्या रूपात असल्याने उघड्या उन्हात तो उडून जातो. म्हणून स्लरी पाण्याबरोबर पिकास द्यावी किंवा उसाच्या पाचटाबरोबर खड्ड्यात कुजवावी. पाचट जाळणाऱ्या शेतकऱ्यास हा दुहेरी लाभ आहे.

प्रथम भरतेवेळी शेजारच्या चालू संयंत्रातील थोडी स्लरी विरजणासारखी घालावी. सुरुवातीच्या वायूत हवा मिसळलेली असते. तो न पेटविता बाहेर सोडून द्यावा. गळती साबणाच्या फेसाने पाहावी, काडी पेटवून कदापि पाहू नये. रिकाम्या केलेल्या विहिरीतही विषारी वायू राहतो व श्वासास हवा नसते. अशा विहिरीत उतरून आणि त्यास वाचविण्यासाठी मागोमाग उतरून माणसे दगावली आहेत. गाळ काढण्याचे काम जाणकाराच्या देखरेखीशिवाय करू नये.

संयंत्र मंजूर करण्यापूर्वी ग्रामसेवकाने तीन गोष्टी लिहून घ्याव्यात : रोज हाती येणारे शेण, बारमाही मिळणारे पाणी आणि घरातील माणसे. या तीन आकड्यांवरून ठरलेले संयंत्र घराची चूल व शेताचे खत ही दोन्ही कामे वर्षानुवर्षे सांभाळते.