चेहरा सम्राटाचा, साक्ष धातूची

इसवी सनापूर्वी ४४ साली रोमच्या टाकसाळीतून ज्युलियस सीझरचा चेहरा असलेली चांदीची नाणी बाहेर पडली. तोवर तिथल्या नाण्यांवर देवदेवता असत, फार तर कुणाचे दिवंगत पूर्वज. हयात माणसाचा चेहरा ही राजेशाहीची खूण, आणि रोमने राजे हाकलून साडेचारशे वर्षे उलटली होती. त्याच वर्षी १५ मार्चला सीझरचा खून झाला. पुढे सैन्याचा पगार भागवण्यासाठी मारेकरी ब्रुटसने स्वतःची नाणी पाडली. मागच्या बाजूला दोन खंजीर, मधोमध गुलामीतून सुटलेल्याची टोपी आणि खाली खुनाची तारीख. हा खून म्हणजे रोमची मुक्ती, असा त्याचा दावा. पण दर्शनी बाजूला चेहरा कुणाचा? खुद्द ब्रुटसचा! त्या काळाचे राजकारण मला याहून स्पष्ट कुठेच दिसलेले नाही.

ठसा टाकसाळीच्या धन्याला हवे तेच बोलतो. धातूला मात्र विचारावे लागते.

इ.स. ६४च्या सुमारास सम्राट नीरोने डेनारियस हे चांदीचे नाणे हलके केले. एका रोमन पौंडात पूर्वी ८४ नाणी पडत, आता ९६ पडू लागली. शिवाय चांदीत तांब्याचे हीण आले. किती? पृष्ठभागावर क्ष-किरण टाकून केलेल्या जुन्या तपासण्यांत चांदी नव्वद टक्क्यांहून जास्त दिसत होती. केविन बुचर आणि मॅथ्यू पाँटिंग या संशोधकांनी नाण्यांच्या कडेला बारीक छिद्रे पाडून गाभ्यातला कीस तपासला, तेव्हा ती ऐंशी टक्क्यांच्या आसपास भरली. फरकाचे कारण टाकसाळीच्या कारागिरीत आहे. ठसा मारण्याआधी चकती तापवली की वरचे तांबे हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग पावून काळे पडते. आम्लाच्या द्रावणात ते विरघळते आणि वर चांदीचा जवळपास शुद्ध थर उरतो. हातोड्याच्या घावाने तो दाबून बसतो. सम्राटाचा चेहरा उमटे तो याच थरावर. प्रचार आणि लबाडी यांची इतकी घट्ट सांगड पाहून थक्क व्हायला होते.

तिसऱ्या शतकात साम्राज्य मोडकळीला आले, तेव्हा सम्राट गॅलिएनसच्या नाण्यांत शेवटी पाच टक्केही चांदी उरली नाही.

भारतात, विशेषतः दक्षिणेत, डेनारियसचे मोठे साठे सापडले आहेत. त्यांत भरणा आहे तो ऑगस्टस आणि टायबेरियस यांच्या, म्हणजे नीरोच्या आधीच्या अस्सल चांदीच्या नाण्यांचा. हीणकस नाणी इकडच्या व्यापाऱ्यांनी नाकारली असावीत, असे अनेक अभ्यासक मानतात.