बोर्ड नेमका कधी बंद पडला?

दौलताबादेत मे महिन्यातली दुपार घ्या. तापमान ४० अंश आणि हवेतली आर्द्रता १५ टक्के असेल, तर दवबिंदू येतो जेमतेम ८ अंशांवर. म्हणजे ८ अंशांपेक्षा गार असलेल्या वस्तूवरच पाणी धरणार. आता श्रावण घ्या. किल्ल्याच्या डोक्यावर ढग टेकलेले, तापमान २८ अंश, आर्द्रता ८० टक्के. दवबिंदू २४ वर. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला तांब्याही बाहेरून ओला होतो. अशा हवेत कॉम्प्युटरच्या प्रोसेसरवर उणे १९६ अंशांचं द्रव नायट्रोजन ओतायचं म्हटलं, तर मदरबोर्डवर पाणी येणार की नाही हा प्रश्नच उरत नाही. ते किती येणार आणि कुठे शिरणार, एवढंच ठरायचं असतं.

मुळात हा उपद्व्याप करायचा कशाला? चिप थंड झाली की तिच्यातला वाया जाणारा गळतीप्रवाह घटतो, तारांचा रोध कमी होतो आणि जास्त व्होल्टेज देऊन तिला जास्त वेगाने पळवता येतं. २०२२ साली इंटेलच्या कोअर आय-९ १३९००के या प्रोसेसरने ९ गिगाहर्ट्झची वेस ओलांडली, ती द्रव हेलियमच्या जोरावर. हौशी मंडळींचा भर मात्र नायट्रोजनवर. तो आपल्याकडे अगदीच अनोळखी नाही; जनावरांच्या दवाखान्यांत गोठीत रेतमात्रा याच नायट्रोजनच्या कंटेनरमध्ये ठेवतात. हाताळायचे नियमही तेच: खोली हवेशीर हवी, डोळ्यांवर गॉगल हवा आणि भांड्याला घट्ट झाकण कधीच नको. एक लिटर द्रवाचा सुमारे ७०० लिटर वायू होतो. बंद खोलीत तो प्राणवायूची जागा घेतो, बंद भांड्यात स्फोट घडवतो.

बोर्डाला पाण्यापासून वाचवायचं म्हणजे त्याच्यावर थर चढवायचे. पहिला थर कॉन्फॉर्मल कोटिंगचा किंवा साध्या नेलपॉलिशचा. त्यावर व्हॅसलीन. सॉकेटभोवती मळून चिकटवता येणारं चित्रकारांचं खोडरबर आणि वरून एसीच्या पाइपला गुंडाळतात तो काळा फोम. सॉकेटची मागची बाजूही तितकीच गारठते, म्हणून तिथेही हेच. जे सोल्डर केलेलं आहे ते झाकायचं आणि जिथे धातूला धातू टेकतो ते उघडं ठेवायचं, हा साधा नियम. सॉकेटच्या पिना, रॅमचे आणि ग्राफिक्स कार्डाचे स्लॉट, २४ पिनी आणि ८ पिनी कनेक्टर, सेलची खाच या जागा कोरड्या आणि स्वच्छच राहायला हव्यात.

एवढं करूनही बोर्ड बंद पडतो. मग लगेच मीटर हातात घ्यायचा मोह होतो. त्याआधी एका प्रश्नाचं उत्तर मिळवा: तो बंद पडला कधी? बिघाड कुठे शोधायचा, हे बऱ्याच अंशी त्यावरूनच ठरतं.

कोटिंग झाल्यावर, गारवा देण्याआधीच

इथे पाण्याचा काही संबंध नाही. वार्निश ओघळून रॅमच्या स्लॉटमध्ये गेलेलं असतं, थर आतून ओला असतो किंवा कूलर काढताना-बसवताना सॉकेटची एखादी पिन वाकलेली असते. कोटिंग पूर्ण वाळल्यावर साधा कूलर लावून बोर्ड एकदा चालवून बघायचा असतो. ही पायरी घाईत गाळली, तर पुढे कोटिंगचा दोष गारव्याच्या माथी बसतो.

गार असताना

बऱ्याच प्रोसेसरना एक तळ असतो. त्याखाली तापमान गेलं की ते काम थांबवतात, काही तर त्या तापमानाला सुरूच होत नाहीत. ओव्हरक्लॉकर याला ‘कोल्ड बग’ म्हणतात. हीट गनने प्रोसेसरवरच्या नायट्रोजनच्या भांड्याचं तापमान थोडं चढवून बघा. बोर्ड पुन्हा चालू झाला, तर काहीही बिघडलेलं नाही. तापमान मोजायला भांड्याच्या बुडाशी के-टाइप थर्मोकपल लावा. इतक्या खाली बोर्डाच्या स्वतःच्या सेन्सरवर विसंबता येत नाही. सुटे भागही इथे आपापले स्वभाव दाखवतात. एक्स-सेव्हन-आर जातीच्या सिरॅमिक कपॅसिटरची हमी उणे ५५ अंशांपर्यंतच असते, आणि पातळ इलेक्ट्रोलाइट असलेले जुने कपॅसिटर थंडीत पार मंदावतात. ओव्हरक्लॉकिंगसाठी बनवलेल्या काही बोर्डांवर ‘एलएन-टू मोड’ची जम्पर किंवा स्विच असते. साध्या कूलरवर परतताना ती मूळ जागी आणायला विसरू नका.

बर्फ वितळताना

खरी कसोटी इथे लागते. गोठलेलं असतं तोवर पाणी जागचं हलत नाही. वितळलं की फोमच्या कडेने उतरून नेमकं नको तिथे पोचतं. शटडाउन केला म्हणजे बोर्ड मेला, असं समजू नका. एसएमपीएसची (पॉवर सप्लायची) वायर भिंतीतल्या चालू सॉकेटमध्ये असेपर्यंत जांभळ्या वायरवरचे स्टँडबायचे ५ व्होल्ट बोर्डात खेळत असतात. म्हणून काम संपताच वायर उपसायची, सेल काढायचा, फोम सोडवायचा आणि भांडं खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पंखा लावून ठेवायचा.

काही दिवसांनी

चालता-बोलता बोर्ड आठवड्याभराने अडखळायला लागला, तर पाणी थराच्या आत कोंडलेलं आहे. दवाचं पाणी जवळजवळ शुद्ध असतं आणि वीज फारशी वाहून नेत नाही. पण सोल्डरिंगच्या फ्लक्सचे अवशेष आणि धूळ त्यात विरघळली की ते वाहक होतं. वर व्होल्टेज असेल, तर धातूचे कण एका पायाकडून शेजारच्या पायाकडे सरकत जातात. भिंगाखाली सॉकेटजवळच्या बारीक कपॅसिटरांच्या टोकांशी पांढरी पूड दिसते, चिपच्या दोन पायांमध्ये हिरवट रेघ दिसते. पाणी बाहेर ठेवायला चढवलेला थर अशा वेळी पाणी आत डांबून ठेवतो.

आता मीटर घ्या. एसएमपीएस सोडवा, सेल काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलासुरला विद्युतभार उतरवा. मीटर ओहमवर ठेवून काळा प्रोब स्क्रूच्या भोकाभोवतीच्या धातूच्या कड्यावर टेकवा आणि लाल प्रोब ८ पिनी कनेक्टरच्या १२ व्होल्टच्या पिनेवर. आकडा चढत गेला, तर कपॅसिटर भरताहेत, सगळं ठीक आहे. आकडा शून्यालगत चिकटून राहिला, तर बहुधा प्रोसेसरला वीज पुरवणारा एखादा मॉस्फेट शॉर्ट आहे. अशा बोर्डाला वीज देऊ नका. १२ व्होल्ट थेट प्रोसेसरमध्ये घुसतील. मात्र सॉकेटशेजारच्या कॉइलवर मीटर बीप वाजवतो म्हणून शॉर्ट ठरवू नका. तिथला रोध प्रोसेसर बसवलेला असताना एक ओहमच्या खालीही असू शकतो. प्रोसेसर काढून पुन्हा मोजा.

शॉर्ट नसेल तर बोर्ड कॅबिनेटबाहेर पुठ्ठ्यावर ठेवा. प्रोसेसर, साधा कूलर, रॅमची एकच पट्टी आणि एसएमपीएस, एवढंच जोडा. जांभळ्या वायरवर ४.७५ ते ५.२५ व्होल्ट हवेत. बटण दाबताच हिरव्या वायरवरचं व्होल्टेज शून्याजवळ आलं पाहिजे. येत नसेल, तर बटणापासून चालू करणाऱ्या चिपपर्यंतच्या वाटेत दोष आहे. बोर्ड चालू झाल्यावर अर्ध्या सेकंदाच्या आत करड्या वायरवर ५ व्होल्ट दिसावेत. फॅन झटका देऊन थांबला, तर एसएमपीएसने कुठला तरी शॉर्ट ओळखून माघार घेतली आहे. फॅन फिरतो पण डिस्प्ले येत नाही, अशा वेळी बोर्डावरच्या छोट्या पडद्यावरचा कोड वाचा. एएमआय बायॉसच्या बोर्डांवर ५५ आला, तर बोर्डाला रॅम सापडत नाही. स्लॉटमध्ये व्हॅसलीन शिरलं की हाच कोड येतो. स्लॉट बदलून बघा, पट्टीचे सोनेरी संपर्क आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) पुसा, बायॉसच्या सेटिंग क्लिअर करा.

तरीही जमलं नाही, तर सगळा थर उतरवणं भाग आहे. व्हॅसलीन हेअर ड्रायरने पातळ करून टिपून घ्या. उरलेलं कोमट पाणी, भांड्यांचा पातळ साबण आणि मऊ ब्रशने निघतं. त्यानंतर डिस्टिल्ड वॉटर आणि शेवटी आयपीए. नेलपॉलिश अ‍ॅसिटोनने जाते, पण अ‍ॅसिटोन स्लॉटचं प्लॅस्टिकही खातं, म्हणून कापसाच्या काडीने, थेंबाथेंबाने आणि प्लॅस्टिकपासून लांबच वापरा.

वाळवताना मात्र ऋतू बघावा लागतो. मे महिन्यात सावलीत पंख्याखाली काम भागतं. पावसाळ्यात नुसता पंखा ८० टक्के आर्द्रतेचीच हवा फिरवत राहतो आणि चिपखालचं पाणी हलत नाही. हीच २८ अंशांची हवा ५० अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता २५ टक्क्यांच्या आसपास येते, म्हणजे ती पाणी ओढायला लागते. बोर्ड अशा गरम हवेत कित्येक तास ठेवा. तांदळाच्या डब्यात पुरून ठेवण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचं.

हे सगळं करूनही १२ व्होल्टवर शॉर्ट कायम असेल किंवा बोर्ड किंचित वाकवल्यावर चालू-बंद होत असेल, तर घरी थांबा. वाकवल्यावर बदलणारा बिघाड बहुतेक वेळा चिपखालच्या सोल्डरचा असतो. सिलिकॉन, तांबं आणि फायबरची पाटी थंडीत वेगवेगळ्या प्रमाणात आकसतात आणि सोल्डरला तडे जातात. हे काम चिप-लेव्हल रिपेअरिंगवाल्याचं. त्याच्यासमोर नुसतं ‘डेड आहे’ म्हणून बोर्ड ठेवू नका. कोटिंग कशाचं होतं, बोर्ड चारपैकी कोणत्या वेळी बंद पडला आणि कोणत्या पिनेवर काय आकडा आला, एवढं कागदावर लिहून द्या. त्याचं अर्धं शोधकाम तिथेच वाचतं.