एकाच खोट्याची मुभा

जव्हारच्या शिरपामाळाला नाव मिळालं ते एका भेटीवरून. सुरतेच्या पहिल्या स्वारीला निघालेले शिवाजी महाराज 1663 च्या डिसेंबरअखेरीस इथून गेले. राजे विक्रमशहा मुकणे या माळावर त्यांना सामोरे गेले आणि मानाचा तुरा, म्हणजे शिरपा, त्यांच्या शिरी खोवला, असं जव्हारकर सांगतात. तुरा कुठे गेला ते कुणी विचारत नाही. माळ मात्र त्याचं नाव सांभाळून आहे.

गेल्या हिवाळ्यात याच माळावर मी एक वीतभर विमान मांडीवर घेऊन बसलो होतो. वेस्टलँड वापिटी, दोन महायुद्धांमधल्या काळातलं बॉम्बफेकी बायप्लेन, प्रमाण 1:72. त्याच्या नाकाशी, उघड्या कॉकपिटच्या खाली, ‘जव्हार’ असं नाव रंगवलेलं. असं विमान कधीच नव्हतं.

इतिहासात जर-तरला अर्थ नसतो, असं आपण शाळेपासून ऐकतो. मॉडेल करणाऱ्यांच्या जगात मात्र जर-तरची एक स्वतंत्र शाखाच आहे. तिला ते ‘व्हॉट-इफ’ म्हणतात. न झालेल्या हवाई दलाचं विमान, न बसवलेलं इंजिन, न लाभलेला मालक. बाहेरून हा पोरखेळ वाटतो, कारण इथे चूक कोण काढणार? पण या कामात मुरलेली माणसं एक नियम कसोशीनं पाळतात: खोटं एकच बोलायचं, बाकी सगळं खरं हवं. त्यामुळे जे घडलंच नाही ते बनवायला बसलं, की जे घडलं ते आधी चोख शिकावं लागतं.

आपल्या हवाई दलाचा कायदा 8 ऑक्टोबर 1932 चा. त्यानंतर आठवडाभरात, 15 ऑक्टोबरला, जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूच्या धावपट्टीवर उतरले. 1 एप्रिल 1933 ला कराचीच्या ड्रिग रोडवर पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, तिच्याकडे चार वापिटी होती. पुढे हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख झालेले सुब्रतो मुखर्जी तिच्या पहिल्या वैमानिकांपैकी एक.

वापिटी 1927 साली पहिल्यांदा उडालं तेव्हाही ते दिसायला जुनाटच होतं, आणि त्याला कारण होतं. पहिल्या महायुद्धातल्या डीएच-9ए विमानांच्या सुट्या भागांनी ब्रिटिशांची कोठारं भरलेली होती. नव्या विमानात ते भाग खपवायचे, अशी अटच होती. म्हणून पंख जुन्या विमानाचे आले. पंखांचा पसारा 14 मीटरहून थोडा जास्त, नाकावर नऊ सिलिंडरचं ज्युपिटर इंजिन, पुढे वैमानिक, पाठीमागे मशिनगन घेतलेला साथीदार, पोटाखाली आणि पंखाखाली अडीचशे किलोंच्या आसपास बॉम्ब. म्हणजे हे विमान स्वतःच एक ‘असलेल्यात भागवू’ होतं. ते मला जवळचं वाटतं ते त्यामुळेच.

त्या काळातली सगळीच बॉम्बफेकी विमानं अशी जुन्या-नव्याच्या उंबरठ्यावर उभी होती. हॅंडली पेज हेफर्डचं धड खालच्या पंखाला सोडून वरच्या पंखाला टांगलेलं; बॉम्ब खालच्या पंखाच्या जाड मधल्या भागात. जमिनीवरच्या माणसांना ते चटकन भरता यावेत, हा त्यातला हिशेब. 1933 साली सेवेत आलेलं हेफर्ड ब्रिटिश हवाई दलाचं शेवटचं अवजड बॉम्बफेकी बायप्लेन ठरलं. मॅचबॉक्स कंपनीचं त्याचं मॉडेल-किट ज्यांनी जोडलंय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

आता हाताचं काम. बायप्लेनची खरी परीक्षा तारांमध्ये असते. वरच्या-खालच्या पंखांमध्ये खांब असतात, पण पंख पेलतात त्या तारा. विमान उडत असताना पंख वर उचलले जातात, तो ताण धडाच्या बुडापासून वरच्या पंखाकडे तिरप्या जाणाऱ्या तारांवर येतो. म्हणून त्या सहसा जोडीनं असतात. जमिनीवर पंखांचा भार उलट्या तिरप्या तारा घेतात. मॉडेलमध्ये मी ही तार किटच्या साच्यातल्या उरलेल्या प्लास्टिकच्या काडीपासून काढतो. काडी मेणबत्तीच्या वर, ज्योतीला न टेकवता, फिरवत धरायची. मधला भाग चकाकून लवायला लागला, की ज्योतीपासून बाजूला घ्यायची, एक श्वास थांबायचं आणि दोन्ही हातांनी एका लयीत ओढायची. केसाएवढा धागा निघतो. तो मापात कापून चिमट्यानं जागेवर टेकवायचा, टोकांना सुईच्या अग्रावरचा डिंक. शेवटी धुमसत्या अगरबत्तीचं गरम टोक जवळ नेलं, की सैल धागा आपोआप ताठ होतो. एक मिलिमीटर जास्त जवळ नेलं तर तुटतो. माझे अकरा तुटले.

विमान झालं, पण त्याच्या खोट्याचा निर्णय अजून व्हायचा होता. जव्हारचं हवाई दल? पहिला मोह तोच. पण आपल्याकडे म्हणतात, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. 310 चौरस मैलांचं, डोंगर आणि जंगलांचं हे संस्थान. पुरी स्क्वाड्रन त्याला पेलली नसती. 1918 साली एका स्क्वाड्रनची डीएच-9ए विमानं भेट दिली ती हैदराबादच्या निजामानं, आणि प्रत्येक विमानावर तसा मजकूर लिहिला गेला. पुढच्या महायुद्धातही देणगीदारांची नावं विमानांवर रंगवली गेली. म्हणजे जव्हारच्या बाबतीत पटेल असं खोटं एकच: एक विमान, एक नाव.

बाकीचं खऱ्यातूनच मिळालं. महायुद्ध सुरू झाल्यावर किनाऱ्यावर पहाऱ्यासाठी तुकड्या उभ्या राहिल्या, त्यांतली एक मुंबईत. त्यांच्याकडे आली तीही म्हातारी झालेली वापिटीच. आणि जव्हारचे शेवटचे राजे यशवंतराव मुकणे स्वतः त्या महायुद्धात हवाई दलात गेले, फ्लाइट लेफ्टनंट झाले. वायव्य सरहद्दीवरून नुकतंच मुंबईला आलेलं, अजून रुपेरी रंगातलं विमान. त्यावर एका छोट्या संस्थानाचं नाव. एवढंच माझं ‘जर’.

नाव लिहिताना हात अडला. मन म्हणत होतं, देवनागरीत लिही. लिहिलंही, सुंदर दिसत होतं. पण अशी नावं तेव्हा रोमन अक्षरांतच रंगवली जात. देवनागरी म्हणजे दुसरं खोटं. दोन दिवसांनी थिनरमध्ये बुडवलेल्या कापसानं ते पुसलं आणि रोमनमध्ये पुन्हा लिहिलं. जव्हार-मोखाड्यात बोहाड्याची सोंगं नाचतात, तिथे हे कुणालाही समजेल. मुखवटा चढवणारा आपल्याच गावातला असतो, पण एकदा देवाचं सोंग घेतलं की चाल, वाद्य, क्रम, काहीच त्याच्या मर्जीचं राहत नाही. सोंग घ्यायचं ते पुरतं.

पुरतं घ्यायचं म्हणजे पंखाखालचे बॉम्बही आले. ते मी बसवले, आणि बसवताना हात जड झाला. ही विमानं वायव्य सरहद्दीवर पत्रकं टाकून गावांना इशारा देत आणि मग त्याच गावांवर बॉम्ब टाकत. आपल्या पहिल्या वैमानिकांचं शिक्षणही त्याच आकाशात झालं. माळावर बसून खाली पाहिलं की विखुरलेले पाडे दिसतात, कुडाच्या भिंती, चुलीचा धूर. सरहद्दीवरचीही गावंच होती. चकचकीत रुपेरी मॉडेल करणाऱ्यानं हे विसरलं, तर त्याच्या हातात नुसतं खेळणं उरतं. बॉम्ब काढून टाकले असते तर ते पुन्हा दुसरं खोटं झालं असतं.

खरं वापिटी पाहायचं असेल तर दिल्लीत पालमच्या हवाई दल संग्रहालयात जावं. माझं इथेच बरं. वारा सुटला तसं मी ते खोक्यात ठेवलं. तारा वाऱ्यानं थरथरल्या, एकही तुटली नाही. तुरा उरला नाही तरी माळानं नाव ठेवलं. माझ्या विमानात उलट आहे: भेट कधी झालीच नाही, नाव तेवढं आहे. पण त्या नावामागच्या प्रत्येक खांबाची आणि प्रत्येक तारेची मी साक्ष देऊ शकतो.