माल्टाची मंदिरे राक्षसांनी बांधली नाहीत

भूमध्य समुद्रात सिसिलीच्या दक्षिणेला माल्टा आणि गोझो ही दोन लहान बेटे आहेत. गोझोवरील शारा गावात जगान्तिया नावाची दोन मंदिरे एकाच आवारात शेजारी शेजारी उभी आहेत. बाहेरची भिंत काही ठिकाणी आजही सहा मीटर उंच आहे, तिच्यातले काही दगड पाच मीटरांपेक्षा लांब आहेत. बांधकाम इ.स.पू. 3600 च्या सुमाराचे, म्हणजे गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या हजार वर्षे आधीचे.

सान्सुना नावाच्या राक्षसिणीने कडेवर मूल घेऊन हे दगड वाहून आणले, अशी गोझोत लोककथा आहे. कथा म्हणून ती गोड आहे. पण तिलाच पुरावा मानून 'हे माणसाचे कामच नव्हे' असे ठासून सांगणारे जगभर भेटतात. कोणी राक्षसांचे नाव घेतो, कोणी बुडालेल्या अटलांटिसचे, कोणी परग्रहवासीयांचे. हे दगड ज्यांनी ओढले, त्यांच्या कष्टांचे श्रेय असे भलत्यालाच देणे हा त्या माणसांवर सरळ अन्याय आहे, कारण ती माणसे प्रत्यक्ष सापडली आहेत. जगान्तियापासून थोड्याच अंतरावर त्या काळचे भूमिगत दफनस्थान आहे. तिथे 1987 ते 1994 या काळात झालेल्या उत्खननात दोन लाखांहून अधिक हाडे आणि हाडांचे तुकडे मिळाले. ती सगळी साध्या माणसांची आहेत. त्यांतल्या काहींच्या जनुकांचा अभ्यास 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार हे लोक युरोपातल्या नवाश्मयुगीन शेतकऱ्यांच्याच वंशातले होते, आणि त्यांची वस्ती फार लहान होती.

दगड हलवायचे कसे, याचे उत्तरही जागेवरच आहे. माल्टा बेटावर तार्शीन इथल्या मंदिरांजवळ दगडी गोळे सापडले. शिळा त्यांच्यावरून सरकवत नेल्या असाव्यात, असे पुरातत्त्वज्ञ मानतात. शिवाय माल्टात चुनखडीचे दोन प्रकार मिळतात. एक कठीण, तो बाहेरच्या भिंतींना वापरलेला दिसतो. दुसरा मऊ, नक्षीकामाला सोयीचा. कोणता दगड कुठे टिकेल हे पिढ्यान्‌पिढ्या दगडात काम केलेल्या माणसालाच कळते.

'ही कला अचानक आकाशातून पडली' हेही खोटे. माल्टा बेटावरच्याच स्कोर्बा इथे मंदिराखाली त्याहून जुन्या गावाचे अवशेष मिळाले. शेम्शियाला खडकात खोदलेली पाकळ्यांसारख्या कक्षांची थडगी आहेत, आणि मंदिरांच्या आराखड्याशी त्यांचे साम्य लपत नाही.

ही विद्या पूर्वेकडून आली, असे एके काळी विद्वानांनाही वाटे. तार्शीनच्या दगडांवरची वलये प्राचीन ग्रीसमधल्या मायसिनीच्या नक्षीसारखी दिसतात, एवढाच त्याचा आधार होता. रेडिओकार्बन कालमापनात दुरुस्ती झाल्यावर माल्टाची मंदिरे मायसिनीहून कितीतरी जुनी ठरली, आणि पुरातत्त्वज्ञ कॉलिन रेनफ्रू यांनी 1970 च्या दशकात हा जुना समज मोडीत काढला.

फिनिशियन दर्यावर्दी हे माल्टाचे पहिले रहिवासी, हा समज तर हजारो वर्षांनी चुकतो; ते इ.स.पू. आठव्या शतकाच्या आसपास आले. पहिले आले ते सिसिलीहून गुरे आणि धान्य घेऊन आलेले शेतकरी, असे अलीकडेपर्यंत मानत. तेही आता मागे पडले आहे. उत्तर माल्टातल्या लतनिया गुहेत सुमारे 8,500 वर्षांपूर्वीच्या चुली, दगडी हत्यारे आणि हरणांची, कासवांची, सीलची हाडे सापडली. शेतकऱ्यांच्या सुमारे हजार वर्षे आधी शिकारी माणसांनी जवळपास 100 किलोमीटर खुला समुद्र ओलांडला होता. 2025 मध्ये 'नेचर' नियतकालिकात हे संशोधन आले.

माल्टाच्या खडकात दिसणाऱ्या समांतर चरांना परग्रहवासीयांच्या वाहनांच्या खुणा म्हणण्यात काही अर्थ नाही. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. ते माणसांच्या रहदारीतून पडले, हेच सर्वांत पटणारे आहे. मंदिरे बांधणारे लोक 'एका रात्रीत गडप झाले' असेही कुठे दिसत नाही. इ.स.पू. 2400 च्या सुमारास त्यांची परंपरा थांबली. परागकणांच्या आणि मातीच्या अभ्यासातून कोरडे होत गेलेले हवामान आणि धूप झालेली जमीन दिसते. पुढे तार्शीनच्या ओसाड मंदिरात कांस्ययुगातल्या लोकांनी मृतांच्या दहनाची राख पुरली.