लांकडावरील अग्निलेखन : पहिली लेखणी कोणती घ्यावी ?

तापलेल्या धातूच्या टोंकानें लांकडावर रेघा ओढून चित्र किंवा अक्षर उठविण्याच्या कलेस इंग्रजींत पायरोग्राफी म्हणतात. आपण तिला अग्निलेखन म्हणूं. तिला रंग लागत नाहीं, कुंचला लागत नाहीं, आणि साध्या पाटाच्या कडेला एक वेल उठविली कीं तो पाट चारचौघांपेक्षां वेगळा दिसूं लागतो. तेव्हां सुटींतल्या मुलांपासून निवृत्त झालेल्या वडीलधाऱ्या मंडळींपर्यंत पुष्कळांना हिचा नाद लागावा यांत नवल नाहीं. नवल हें कीं, हौसेनें आणलेली पेटी महिन्याभरांत माळ्यावर जाते, आणि आणणारा म्हणतो, "माझ्या हातांतच कला नाहीं." नाचतां येईना अंगण वांकडें, ही म्हण येथें पुष्कळदां उलटी लागू पडते. अंगण खरोखरच वांकडें असतें, आणि बोल मात्र पायांना लागतो.

या कामाचीं हत्यारें मुख्यतः दोन जातींचीं मिळतात. पहिली जात रेडिओ दुरुस्त करणाऱ्याच्या सोल्डरिंगच्या सळईसारखी. नळींत विजेनें तापणारी तार गुंडाळलेली असते व पुढें आट्यांनीं बसविलेलें पितळी टोंक तिच्या उष्णतेनें तापतें. साधारण २५ ते ३० वॅटची ही सळई स्वस्त आणि दणकट असते. ठसठशीत अक्षरें, जाड किनार, ठिपक्यांची नक्षी तिनें चांगली होते. परंतु तिला तापावयास कांहीं मिनिटें लागतात, आणि पुढची नळीहि तापत असल्यामुळें ती टोंकापासून तीन-चार इंच मागें धरावी लागते. पेन्सिल आपण इंचभर अंतरावर धरतों. केरसुणीच्या मुठीला बोरू बांधून कोणी श्रीकार काढावयास सांगितला तर वळण कसें साधेल ? शिवाय या जातींतील पुष्कळ सळयांना उष्णता कमीजास्त करण्याची सोय नसते. वीज लावली कीं त्या आपल्या कमाल उष्णतेस पोंचतात आणि तेथेंच राहतात.

दुसऱ्या जातींत एक लहान पेटी व तिला जोडलेली लेखणी असते. पेटींतील ट्रान्सफॉर्मर घरच्या २३० व्होल्टांचा दाब अगदीं थोड्या व्होल्टांवर उतरवितो; त्याबरोबर प्रवाह मोठा होतो, आणि तो निबाच्या बारीक तारेंतून गेला कीं तार तापते. ही तार बहुधा निकेल व क्रोमियम यांच्या मिश्रणाची, म्हणजे नायक्रोमची असते. अमेरिकेंत अल्बर्ट मार्श यांना १९०६ सालीं या मिश्रधातूचें पेटंट मिळालें. लाल होईपर्यंत तापवूनहि ती हवेंत लवकर झिजत नाहीं, म्हणून टोस्टरमध्येंहि तीच असते. असा निब कांहीं सेकंदांत तापतो व तितक्याच लवकर निवतो; लेखणी टोंकाजवळ धरतां येते; आणि पेटीवरील कळ फिरवून उष्णता हवी तेवढी ठेवतां येते. किंमत मात्र सळईच्या कित्येक पट. तार नाजूक असल्यामुळें दाबून लिहिणाऱ्याच्या हातीं ती वांकते.

नायक्रोमच्या आधींच्या हौशी मंडळींचा विचार केला म्हणजे या कळेचें मोल कळतें. १८७० नंतरच्या दशकांत पॅरिसचे डॉक्टर पाकलँ यांनीं शस्त्रक्रियेंत डागण्यासाठीं प्लॅटिनमच्या पोकळ टोंकाचें एक उपकरण केलें. रबरी फुगा दाबून बेन्झीनची वाफ त्या टोंकांत सोडावयाची, म्हणजे तें तप्त राही. पुढें तेंच युरोप-अमेरिकेंत लांकडावरील नक्षीसाठीं विकलें जाऊं लागलें. उजव्या हातानें चित्र काढावयाचें आणि डाव्या हातानें फुगा दाबीत राहावयाचें !

उष्णतेवर ताबा हाच या कलेचा जीव आहे. येथें रंगांची पेटी नाहीं. गव्हाच्या काडीसारखा पिवळसर, गुळासारखा तांबूस आणि काजळासारखा काळा, या साऱ्या छटा एकाच टोंकाच्या कमीअधिक तापानें व हाताच्या मंदशीघ्र गतीनें निघावयाच्या. ज्याला ताप कमी करतां येत नाहीं त्याला केवळ हाताच्या वेगावर भागवावें लागतें, आणि नवशिक्याचा हात तर प्रत्येक रेघेच्या आरंभीं थबकतोच. तेथें काळा डाग उमटतो. म्हणून आमचें मत असें कीं, घरावर नांवाची पाटी करावी एवढाच हेतु असेल तर सळई घ्यावी. पण पक्ष्याचीं पिसें किंवा आजोबांचा चेहरा काढण्याची इच्छा असेल तर दोन महिने थांबून, पैसे सांचवून नियामक असलेली पेटीच घ्यावी.

साठ नगांच्या संचाला भुलूं नये. त्या साठांत ठसे, छापे आणि एकाच टोंकाच्या चार आवृत्त्या असतात. पहिल्या वर्षाला तीन टोंकें पुरतात : गोल अग्राचें लिहिण्याचें, सुरीसारख्या धारेचें सरळ रेघांचें, आणि चमच्यासारखें पसरट छायेचें. सळईचें टोंक बदलावयाचें तें पूर्ण निवल्यावर, पकडीनें. तापलेल्या पितळेचे आटे लवकर बिघडतात.

दुकानांत शक्य झाल्यास दहा मिनिटें लेखणी चालू ठेवून हातांत धरावी. मूठ चटका देऊं लागली तर ती परत करावी. वायर ताठ असेल तर ती मनगट ओढीत राहते, हेंहि पाहावें. परदेशांतून कोणी भेट आणणार असेल तर आधीं व्होल्टेज विचारावें. अमेरिकेंतील १२० व्होल्टांचें उपकरण आपल्या २३० व्होल्टांवर जळून जाईल.

लांकडाविषयीं थोडक्यांत. शिवण किंवा हेदू यांसारखें फिकट, एकसारख्या पोताचें, वाळलेलें लांकूड घासून गुळगुळीत करून घ्यावें. सागवान तेलकट व मुळांतच गडद, त्यावर बारीक छटा उठून दिसत नाहींत. देवदार-पाइनच्या कठीण-मऊ पट्ट्यांवर रेघ अडखळते. जुन्या पॉलिश केलेल्या फळीवर, रंगविलेल्या किंवा वाळवीचें औषध दिलेल्या लांकडावर, प्लायवूड आणि एमडीएफवर मात्र हें काम करूं नये. वॉर्निश, रसायनें व सरस जळून निघणारा धूर विषारी असतो.

शुद्ध लांकडाचा धूरहि कांहीं निरुपद्रवी नव्हे, आणि एकत्र कुटुंबांत ही गोष्ट पेटीच्या किंमतीहून मोठी आहे. ज्या खोलींत दम्याचें माणूस किंवा तान्हें मूल निजतें तेथें बसूं नये. खिडकीजवळ बसून लहान पंखा असा ठेवावा कीं तो धूर आपल्यापासून बाहेर ओढून नेईल. वारा टोंकावर आला तर टोंक निवतें व रेघ फिकी पडते. पितळी टोंक लांकूड जाळण्याइतकें तापलें तरी दिवसाउजेडीं लाल दिसत नाहीं. म्हणून काम थांबवितांना प्लग काढून तें धातूच्या घोडीवर, खालीं फरशीचा तुकडा ठेवून, मुलांच्या हाताला लागणार नाहीं अशा जागीं निवूं द्यावें, आणि मगच पेटींत घालावें.